बायपासनंतर ट्रोपोनिन हजारांत आलं, म्हणजे ऑपरेशनमध्ये हार्ट अटॅक आला का?

वडिलांची बायपास काल झाली, आज पहाटे ट्रोपोनिन आय (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) ३,४०० आलं आणि रिपोर्टवर 'नॉर्मल २६ पर्यंत' असं छापलंय, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरून अटॅक आला असं म्हणता येत नाही.

ती २६ ची मर्यादा (नॅनोग्रॅम प्रतिलिटर) निरोगी लोकांवरून ठरवलेली आहे. बायपासमध्ये महाधमनीला क्लॅम्प लावून, पोटॅशियमचं द्रावण देऊन हृदय थांबवतात. कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) नळी घालतात, टाके पडतात, आणि रक्तपुरवठा पुन्हा सुरू होतानाही काही पेशी दुखावतात. ट्रोपोनिन हे स्नायूपेशीच्या आतलं प्रथिन, ते रक्तात उतरणारच. पंप (हृदयाचं काम तात्पुरतं करणारं हार्ट-लंग मशीन) न वापरता धडधडत्या हृदयावर बायपास केली तर कमी, झडपेचं काम सोबत असेल तर जास्त.

मग किती म्हणजे फार? २०२२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १२ देशांतल्या १३,८६२ रुग्णांचा अभ्यास आला. मर्यादा हीच, २६. फक्त बायपास किंवा महाधमनीची झडप बदललेल्यांमध्ये पहिल्या दिवसाच्या आत ५,६७० किंवा त्याहून वर गेलेल्यांना ३० दिवसांत मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र हा उंबरठा १,५२२ वर येतो. म्हणजे आजचे ३,४०० पहिल्या उंबरठ्याच्या खाली आहेत, पण परवाही तेवढेच राहिले तर ती वेगळी गोष्ट. नुसता आकडा विचारू नका, नमुना किती वाजता घेतला तेही विचारा.

हार्ट अटॅकच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, बायपासनंतर अटॅक आला म्हणायला, ऑपरेशनआधी ट्रोपोनिन नॉर्मल असेल तर ४८ तासांत १० पटींहून जास्त वाढ हवी, आणि शिवाय ईसीजीत नवी क्यू वेव्ह (स्नायूचा भाग निकामी झाल्याची खूण), अँजिओग्राफीत बंद पडलेली ग्राफ्ट (बायपाससाठी जोडलेली रक्तवाहिनी) किंवा इकोत नव्याने हलेनासा झालेला भाग यांपैकी काहीतरी. इथे १० पट म्हणजे फक्त २६०. ते बहुतेक सगळेच ओलांडतात, त्यामुळे माझ्या मते खरं वजन त्या 'शिवाय'ला आहे.

तुलना करताना लॅब आणि मशीन एकच हवं. टी आणि आय या ट्रोपोनिनच्या दोन प्रकारांचे आकडे एकमेकांशी लावू नका. एकक बघा: पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजेच नॅनोग्रॅम प्रतिलिटर, पण नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर हजाराने गुणा. किडनी अधू असेल तर ट्रोपोनिन, विशेषतः टी, आधीपासूनच वर असू शकतं. नमुन्यात रक्तपेशी फुटल्या असतील तरी आकडा बिघडतो.

काळजी कधी करायची? उतरायला लागलेला आकडा पुन्हा चढला, किंवा सोबत ईसीजीत एसटी बदल (हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण), वाढत चाललेली नॉरअ‍ॅड्रेनॅलिन (बीपी टिकवणारं औषध), चढतं लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारा घटक), व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून उठणारे धोकादायक जलद ठोके) दिसला तर. तेव्हा इको आणि गरजेप्रमाणे तातडीची अँजिओग्राफी करून ग्राफ्ट पिळली, गुठळीने बंद झाली की आकसली ते पाहतात. बीपी कोसळलं आणि ट्रोपोनिन फारसं नसलं, तरी निर्धास्त राहता येत नाही. हृदयाभोवती रक्त साचल्यावरही असंच होतं. पेशंट खालावत असेल तर कुठलाही सर्जन पुढच्या रिपोर्टची वाट बघत बसत नाही.

ट्रोपोनिन आठवडा-दोन आठवडे वरच राहू शकतं. म्हणून डिस्चार्ज कार्डवर शेवटचा आकडा तारीख-वेळेसह लिहून घ्या. घरी गेल्यावर छातीत दुखलं, तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना तुलनेसाठी तोच लागेल.