ऐनाच्या सालीचा केक

प्रश्न : ताई, नमस्कार. येत्या मेमध्ये आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतील. बाबांनी जन्मभर सुतारकाम केलं, म्हणून झाडाच्या खोडासारखा दोन टियरचा केक घरीच करायचाय. खालचा ८ इंची, वरचा ५ इंची. मागे एकदा फाँडंटवर (केकवर चढवतात तो साखरेचा लाटलेला थर) ब्रशने लाकडाच्या रेघा काढल्या होत्या. फ्रिजमधून काढल्यावर केकला पाणी सुटलं आणि रंग ओघळला. त्याआधीही ते लाकूड वाटतच नव्हतं, तपकिरी पट्ट्यांचा कागद वाटत होता. काय करू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सुतार माणूस लाकडावरून आधी हात फिरवतो. बाबाही फिरवणार! तेव्हा नुसता रंग पुरायचा नाही, खडबड हवी. फाँडंट सोडा, गनाश घ्या, म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवलेलं चॉकलेट. फाँडंट म्हणजे साखर, ती कोकणातल्या हवेतली ओल ओढून घेते आणि चिकट होते. गार केकवर दव गनाशलाही येईल, पण वर रंगवलेलं काही नसल्यामुळे ओघळणार काय?

एरवी मी २ भाग चॉकलेटला १ भाग क्रीम घेते. मेमध्ये ३ ला १. तुमच्या मापाला १२०० ग्रॅम डार्क कंपाउंड (केकसाठी मिळणारं चॉकलेट) आणि ४०० ग्रॅम फ्रेश क्रीम. क्रीमला कडेने बुडबुडे आले की बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं थांबा, मग मधून ढवळत बाहेर या. गुठळ्या राहिल्याच तर थोडा वेळ डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यावर धरा. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी ते चक्क्यासारखं व्हायला हवं. फार घट्ट वाटलं तर किंचित कोमट करा.

आता साल. माझे वडील लाकडाच्या वखारीत हिशेब बघायचे आणि शाळा सुटली की मी तिथे ओंडक्यांवर बसून गृहपाठ करायची. सालीवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची, की साल कागदावर उतरायची. तुम्हीही हे करा, ऐनाच्या झाडावर. उभ्या भेगा, त्यांना छेदणाऱ्या आडव्या, मगरीच्या पाठीसारखे चौकोन. तो कागद ओट्यासमोर चिकटवून मगच पॅलेट नाईफ हातात घ्या. मनाने काढलेल्या रेघा सारख्या अंतरावर येतात, आणि मागच्या वेळी तुमचा पट्ट्यांचा कागद झाला तो त्यामुळेच.

पहिला हात पातळ द्या, वीस मिनिटं फ्रिजमध्ये. दुसरा अर्धा बोट जाड, खालून वर ओढलेला, मध्येच थांबून उचललेला. तो आवळायला लागला की काट्याने आणि लाकडी सळीने भेगा पाडा. काही अर्ध्यातच संपू द्या. कडा तुटली तर सावरू नका. शेवटी भेगांमध्ये कोरड्या ब्रशने कोको पावडर.

वरचा भाग म्हणजे करवतीने कापलेलं तोंड. त्याला व्हाइट कंपाउंडचं गनाश (गरमीत ४ ला १), त्यात सागाचा रंग येईल इतकंच डार्क. टर्नटेबल फिरवत सळीने वलयं काढा, पण केंद्र बरोबर मधोमध नको. एका बाजूला सरकलं की तिकडची वलयं दाटतात, पलीकडची ऐसपैस होतात. मग केंद्रातून कडेकडे जाणारी एक चीर. लाकूड वाळताना असंच तडकतं, आणि बाबा ती चीर बघून नक्की थांबतील. खालच्या टियरची दीड इंचाची कडाच दिसणार, तिथे वलयांचे तुकडे पुरेत.

खालच्या टियरमध्ये चार जाड स्ट्रॉ उंचीबरोबर कापून खोचा, वरचा त्याच्या स्वतःच्या बोर्डावर. दोन्ही वेगळे न्या, हॉलवरच रचा, कापायच्या तासभर आधी. अंगणातली पानंफुलं लावायची असतील तर कण्हेर अजिबात नको, ती विषारी असते.

सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापा. तरी सालीचे चारदोन कपचे निघतीलच. ते ताटलीत वेगळे काढून आधी बाबांच्या हातात द्या.