खवळलेल्या समुद्रात जहाज कमी हलावं म्हणून कोणती नवी डिझाइन्स आहेत?

मला सगळ्यात भारी वाटतं ते स्वाथ डिझाइन. लाटेचा जोर पृष्ठभागाजवळ जास्त असतो आणि खाली जावं तसा पटापट कमी होतो, म्हणून यात जहाजाला तरंगवणारे दोन मोठे नळकांड्यासारखे भाग पाण्याखाली खोल ठेवतात आणि वरचा डेक त्यांच्यावर बारीक खांबांनी उभा असतो, त्यामुळे लाटेला धरायला फारसं काही मिळतच नाही. मूळ कल्पना फ्रेडरिक क्रीड या कॅनेडियन संशोधकाची, पेटंट १९४६ चं. तोटा म्हणजे खर्च जास्त आणि वजन थोडं वाढलं की जहाज लगेच खाली बसतं.

दुसरं नॉर्वेच्या उल्स्टाइन या जहाज बांधणाऱ्या कंपनीचं एक्स-बो, पहिलं जहाज २००६ मध्ये आलं, नाक उलटं मागे झुकलेलं, त्यामुळे पुढून लाट आली की आपटणं कमी होतं. पण डावं-उजवं डोलणं त्याने थांबत नाही हां, त्यासाठी बाजूचे फिन, म्हणजे पाण्याखालचे पंखासारखे भाग लागतात, आणि साधे फिन जहाज चालू असतानाच नीट काम करतात, थांबलेल्या जहाजाला अँटी-रोल टाकी (आतलं पाणी डोलण्याच्या उलट सरकून ते कमी करतं) किंवा जायरो (जोरात फिरणारं जड चाक) बरा.

आणि नुसतं स्टेबल करून भागत नाही, फार ताठ जहाज इतक्या झटक्याने सरळ होतं की आतल्या माणसांचे हाल होतात.