८५, २५ आणि १०५: डॅलसला येणाऱ्या एका किकरच्या वडिलांना

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा नववीत आहे, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या मैदानावर वाढलाय, डावा पाय तोफेसारखा आहे. कंपनी तुम्हाला एल-वन व्हिसावर डॅलसला पाठवतेय. आणि तुमच्या मित्राने सांगितलंय की अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये वर्षाला २५ च नवीन मुलं घ्यायची अट उठली, ८५ स्कॉलरशिपच्या १०५ झाल्या, वर ट्रान्सफरमुळे, म्हणजे कॉलेज बदलून, दरवर्षी प्रत्येक संघातून ढिगाने मुलं बाहेर पडतात, म्हणजे जागाच जागा. या भरवशावर पोराच्या कॉलेजच्या खर्चाचा हिशेब मांडावा का, असं तुम्ही विचारलंय.

मांडू नका. मित्राने सांगितलेले आकडे खरे आहेत, पण त्यातून काढलेला अर्थ उलटा आहे. मीही कोल्हापूरचीच, सोळा वर्षं डॅलसच्या उत्तरेला राहते, आणि माझा मुलगाही किकर आहे, म्हणजे अंडाकृती बॉलच्या त्या अमेरिकन फुटबॉलमध्ये किक मारण्यापुरता मैदानात उतरणारा खेळाडू. त्याचं काय झालं ते पुढे सांगते. आधी हे आकडे एकमेकांत कसे अडकलेत ते बघा, कारण इथले आईवडीलसुद्धा ते समजून न घेता पोरांना उन्हाळ्याच्या कॅम्पांना पाठवत राहतात.

एनसीएए ही इथल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना. तिच्या सगळ्यात वरच्या गटाला एफबीएस म्हणतात. तिथे वर्षानुवर्षं एका संघात एका वेळी ८५ मुलांनाच स्कॉलरशिप देता यायची. हिशेब डोकी मोजून व्हायचा. एखाद्याला अर्धी दिली तरी पूर्ण एक डोकं धरलं जायचं, म्हणून सगळे पूर्णच द्यायचे. त्याच्या जोडीला दुसरी अट होती, एका वर्षात स्कॉलरशिपवर नवीन मुलं २५ च. या नवीन मुलांना 'इनिशियल काउंटर' म्हणत.

गोम अशी की दुसऱ्या कॉलेजातून आलेला खेळाडूही नव्या कॉलेजात 'नवीन'च धरला जायचा. समजा ८५ पैकी २० जण पदवी घेऊन गेले आणि १५ जण ट्रान्सफर झाले. उरले ५०. भरता येणार २५. म्हणजे संघ ७५ वर अडकला, दहा स्कॉलरशिप हातात असूनही देता येत नाहीत. आणि त्या २५ मध्ये कोचने ८ ट्रान्सफर घेतले तर शाळेतून येणाऱ्या मुलांना उरल्या १७.

ही अट उगाच नव्हती. कोच जागेपेक्षा जास्त मुलांच्या सह्या घेऊन ठेवत आणि मग गणित बसवायला कुणाला 'जानेवारीत ये' म्हणत, कुणा जुन्याची स्कॉलरशिप पुढच्या वर्षी चालू ठेवत नसत. फेब्रुवारी २००९ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाने ३७ मुलांच्या सह्या घेतल्या. त्यानंतर त्यांच्या एसईसी कॉन्फरन्सने, म्हणजे ते ज्या कॉलेजांच्या गटात खेळतात त्याने, सह्यांवरच आधी २८ ची आणि मग २५ ची मर्यादा घातली. शाळेतल्या मुलाला दिलेला शब्द हवेत विरू नये म्हणून ही कुंपणं होती. २५ ची अट म्हणजे कोचचा त्रास, एवढंच ऐकायला मिळतं. शाळेतल्या पोराची ती ढाल होती हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

मग ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी. एप्रिल २०२१ पासून एकदा कॉलेज बदललं तरी वर्षभर बाहेर बसावं लागेना, आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदला, लगेच खेळा. मुलं इतकी निघू लागली की २५ च्या अटीत संघ भरेनात. २०२१ मध्ये एनसीएएने गेलेल्यांच्या बदल्यात जास्तीत जास्त सात जागा वाढवून दिल्या. मे २०२२ मध्ये अटच दोन वर्षांसाठी उचलली, आणि ती पुन्हा आली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात डिऑन सँडर्स नवे कोच म्हणून आले आणि २०२३ च्या पहिल्याच मोसमात पन्नासच्या आसपास ट्रान्सफर घेतले. २५ ची अट असती तर हे घडणंच शक्य नव्हतं.

आता स्वतःला कोचच्या जागी ठेवून बघा. एक जागा रिकामी झालीय. एका बाजूला सतरा वर्षांचा मुलगा, अंगाने अजून भरायचाय, शाळेतल्या सामन्यांचे व्हिडिओ आहेत. दुसऱ्या बाजूला एकवीस वर्षांचा, कॉलेजच्या दोन मोसमांत ऐंशी टक्के फील्ड गोल, म्हणजे गोलाच्या खांबांमधून किक, मारलेला. कोचची नोकरी पुढच्या डिसेंबरला राहील की नाही याची खात्री नाही. तो कुणाला घेईल? ट्रान्सफरने रिकामी झालेली खुर्ची बहुतेक वेळा ट्रान्सफरनेच भरली जाते. पूर्वी २५ मध्ये काटकसर करावी लागायची म्हणून त्यातल्या बऱ्याच जागा शाळेतल्या मुलांकडे यायच्या. आता तशी सक्ती उरली नाही.

आता १०५. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी 'हाउस विरुद्ध एनसीएए' या खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि १ जुलैपासून तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांसाठी स्कॉलरशिपची मर्यादा गेली. तिच्या जागी आली रोस्टरची, म्हणजे संघाच्या यादीची मर्यादा, फुटबॉलला १०५. तुमच्या मित्राची गल्लत इथे झालीय. ८५ ही स्कॉलरशिपवाल्यांची संख्या होती. १०५ ही संघातल्या एकूण माणसांची संख्या आहे. पूर्वी ८५ च्या वर स्वखर्चाने खेळणारे तीस-चाळीस वॉक-ऑन असायचे, १२० च्या पुढचे संघ अगदी सर्रास. म्हणजे स्कॉलरशिप कागदावर वीसने वाढू शकतात, पण संघात उभं राहायची जागा घटली.

आणि त्या वीस स्कॉलरशिप द्यायलाच हव्यात असंही नाही. आता डोकी मोजत नाहीत, अर्धी-पाव वाटून देता येते. शिवाय कॉलेज खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांत मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, आणि नव्याने वाढवलेल्या स्कॉलरशिपपैकी २५ लाख डॉलरपर्यंतचा खर्च त्याच रकमेत धरला जातो. क्वार्टरबॅकला, म्हणजे संघाचा खेळ चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला, द्यायचा पैसा किकरच्या स्कॉलरशिपवर कोण घालेल?

आमच्या घरात हे सगळं कसं आलं ते सांगते. मुलगा २०२३ मध्ये शाळा संपवून एका मोठ्या विद्यापीठात 'प्रिफर्ड वॉक-ऑन' म्हणून गेला. म्हणजे संघात जागा नक्की, पैसे आपले, आणि 'दोन वर्षांत स्कॉलरशिप बघू' असा तोंडी शब्द. तिथे कोचच्या खोलीत एक पांढरा फळा होता, प्रत्येक खेळाडूच्या नावाची चुंबकाची पट्टी त्यावर चिकटवलेली. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात किकर, पंटर (हातातून बॉल सोडून लांब किक मारणारा), लाँग स्नॅपर (किकसाठी बॉल मागे फेकणारा). डिसेंबर २०२४ मध्ये कोचने त्याला बोलावलं तेव्हा त्या कोपऱ्यात चारच पट्ट्या होत्या. त्याची पट्टी फळ्याखालच्या कट्ट्यावर ठेवलेली होती. तडजोड अजून मंजूरही झाली नव्हती, पण सगळी कॉलेजं १०५ चं गणित आधीच मांडून बसली होती. त्याने पार्किंगमधून मला फोन केला आणि पहिलं वाक्य म्हणाला, 'आई, माझी पट्टी त्यांनी फेकली नाही, ठेवलीय.' त्या वाक्याने माझ्या पोटात आजही कालवतं.

एप्रिलमध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की या मर्यादेमुळे ज्यांच्या जागा गेल्या त्यांचं काहीतरी करा. मग अशा मुलांची यादी करायची ठरलं, त्यांना संघात घेतलं तर ते १०५ मध्ये मोजायचे नाहीत. आमच्या मुलाचं नाव यादीत आलं. पण यादीत नाव आलं म्हणजे कॉलेजने परत घेतलंच पाहिजे असं नव्हतं, आणि त्यांनी घेतलं नाही.

तो डिसेंबरमध्येच पोर्टलमध्ये उतरला होता. एका एफसीएस कॉलेजला, म्हणजे पहिल्याच श्रेणीतल्या खालच्या गटातल्या संघाला, तो हवा होता. तिथे अडलं ते क्रेडिटवर, म्हणजे पूर्ण केलेल्या कोर्सच्या गुणांकांवर. तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचे ४० टक्के पूर्ण असावे लागतात, म्हणजे १२० पैकी ४८ क्रेडिट. याचे ५८ होते, पण नव्या कॉलेजने त्यातले १४ इंजिनिअरिंगच्या पदवीला धरले नाहीत. उरले ४४. चार क्रेडिट कमी. उन्हाळ्यात दोन कोर्स करून भरून निघाले असते, पण तोवर कोच थांबायला तयार नव्हता, त्याने पोर्टलमधून दुसरा घेतला. आज मुलगा दुसऱ्या श्रेणीच्या म्हणजे डिव्हिजन टूच्या एका कॉलेजात खेळतो. तिथे अख्ख्या फुटबॉल संघाला मिळून ३६ पूर्ण स्कॉलरशिपएवढे पैसे असतात आणि ते तुकडे करून वाटतात. त्याच्या वाट्याला ट्यूशनचा, म्हणजे कॉलेजच्या फीचा, काही भाग येतो, बाकी आम्ही भरतो. तो आनंदात आहे, मीही आहे. पण हा खर्च आम्ही पहिल्या दिवसापासून धरला असता तर दोन वर्षांची झोप वाचली असती.

म्हणून तुमच्यासाठी सांगते. कुठल्याही कोचने शब्द दिला तर तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी मागा. १०५ मध्ये किकर-पंटर-स्नॅपर मिळून किती ठेवणार? गेल्या तीन वर्षांत किकर शाळेतून घेतला की पोर्टलमधून? आणि ऑगस्टच्या सरावाला १०५ पेक्षा जास्त मुलं बोलावणार का? हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण रोस्टर पहिल्या सामन्यापर्यंत १०५ वर आणावा लागतो. ऑगस्टच्या अखेरीस वगळलेल्या मुलाला जायला कुठे जागाच नसते. जानेवारी २०२६ पासून फुटबॉलचं पोर्टलही २ ते १६ जानेवारी एवढंच उघडं ठेवायचं ठरलंय, एप्रिलची खिडकी बंद झाली. पूर्वी ज्या 'लेटर ऑफ इंटेंट'वर मुलं सह्या करायची तेही २०२४ मध्ये बंद झालं. आता सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर, तर त्यात किती वर्षं, किती रक्कम, हे शब्द न् शब्द वाचा.

किकरसाठी दार पूर्ण बंद नाही. ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या पंटरांनी ते दाखवलंय. मायकेल डिक्सन तिथून टेक्सास विद्यापीठात आला आणि २०१७ मध्ये देशातल्या सर्वोत्तम कॉलेज पंटरचा रे गाय पुरस्कार घेऊन गेला. आपल्या मुलांचा पाय आपल्याकडच्या फुटबॉलने तयार असतोच, नवीन असते ती घाई. स्नॅपपासून, म्हणजे बॉल मागे फेकल्यापासून, किकपर्यंत जेमतेम १.३ सेकंद. कॉलेजात फील्ड गोलला टी, म्हणजे बॉल ठेवायचा छोटा स्टँड, चालत नाही, तेव्हा पहिल्या दिवसापासून गवतावरून मारायची सवय लावा.

व्हिसाचं थोडक्यात. मुलगा तुमच्याबरोबर एल-टूवर, म्हणजे कुटुंबीयांच्या व्हिसावर येईल, तो २१ वर्षांपर्यंतच. कॉलेजात असतानाच एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागेल, ती तारीख आत्ताच लिहून ठेवा. स्कॉलरशिप घ्यायला अडचण नसते, पण राहण्या-जेवणासाठी मिळणाऱ्या भागावर कर लागतो. कॉलेज थेट देतं ते पैसे किंवा नावाचे-जाहिरातीचे पैसे या व्हिसांवर घेणं धोक्याचं आहे. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलर घेऊ देऊ नका, एका टी-शर्टच्या जाहिरातीपायी व्हिसा धोक्यात येईल. सरकारची फेडरल मदतही या व्हिसावर मिळत नाही. त्यामुळे ट्यूशनचा पूर्ण आकडा धरूनच बजेट करा. अभ्यासात चांगला असेल तर एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन यांचेही फुटबॉल संघ आहेत. ते डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतात, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसते, पण पोर्टलची मारामारीही तेवढी नसते.

एक चूक मात्र करू नका. इथे बरेच पालक मुलाला एक इयत्ता मागे बसवतात, म्हणजे खेळायला वर्ष वाढेल म्हणून. एनसीएएचं घड्याळ नववीपासून सुरू होतं. नववी ते बारावीच्या चार वर्षांत १६ मुख्य विषय हवेत, त्यातले १० शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आत, आणि त्या विषयांत किमान २.३ जीपीए. तुमच्या मुलाची कोल्हापुरातली नववी त्यात मोजली जाणार, तीच इथे पुन्हा केली तर वर्ष हातचं जाईल. नववीला बोर्डाची परीक्षा नसते, म्हणून शाळेचं शिक्का मारलेलं मूळ गुणपत्रक हाच पुरावा. त्याच्या तीन प्रती, प्रत्येक विषयात काय शिकवलं याचं मुख्याध्यापकांचं इंग्रजी पत्र, आणि कागद मराठीत असतील तर प्रमाणित भाषांतर, एवढं निघण्याआधी घ्या. इथून मागवायला आमच्या ओळखीच्या एका घराला पाच महिने लागले होते.

टेक्सासमध्ये शाळांचा सराव ऑगस्टच्या सुरुवातीला चालू होतो. जुलैच्या मध्यापर्यंत पोचलात तर कळवा, माझा मुलगा सुट्टीला घरी असेल, दोघांना शाळेच्या मैदानावर सोडू. अंडाकृती बॉल आमच्याकडे पिशवीभर आहेत. बूट मात्र त्याचे तिकडचेच आणा, पायात बसलेले.