वाचकांचे प्रश्न: जावाच्या डोंगरावरचं बटाट्याचं गाव

मागच्या अंकात आम्ही इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या दिएंग पठाराबद्दल एक पान छापलं होतं. मध्य जावात साधारण दोन हजार मीटर उंचीवर बटाटा पिकवणारी गावं, मध्येच शंकराची जुनी देवळं, जमिनीतून निघणारी वाफ, आणि एकमेकांची घरं फुकट बांधून देणारी माणसं असं सगळं त्यात होतं. त्यावर इतके प्रश्न आले की एक पान पुरेना. निम्म्यांना हनिमून पॅकेज पाहिजे होतं, ते बाजूला ठेवलेत, बाकीचे घेतोय.

गिरगावातून एक वाचक विचारतात: घर बांधायला सगळं गाव येतं आणि कुणी पैसे घेत नाही हे वाचून भरून आलं. आमच्या चाळीत असंच होतं, आता टॉवर झाला तर समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं माहीत नाही. ही माणसं मुळात मनानेच चांगली असतात म्हणून हे टिकलं ना?

मनाने चांगली असतीलही, गिरगावात जितकी होती तितकी. पण नुसत्या चांगुलपणावर छप्पर चढत नाही हो. घर बांधायला शेजारी येतात त्याला तिकडे सांबातान म्हणतात. मालक मजुरी देत नाही पण चहा, सिगरेट, जेवण त्याने द्यायचंच, आणि मुख्य म्हणजे आज तुझ्या घरचा माणूस माझ्याकडे राबला तर उद्या तुझ्या कौलांच्या वेळी माझ्या घरचा माणूस येणार हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं. लग्नकार्याचं तर चक्क लिहून ठेवतात. बायका तांदूळ, साखर घेऊन येतात, पुरुष पाकीट देतात, कुणी काय नि किती आणलं त्याची वही असते, आणि त्यांच्याकडे कार्य निघालं की वही उघडून तेवढंच परत करायचं. आपली आहेराची वही, दुसरं काय. ज्या महिन्यात लग्नं दाट येतात त्यात गरीब घराची पार ओढाताण होते, काही जण उसने काढून नेतात, कारण जमणार नाही म्हणायची सोयच नसते.

त्यातल्या त्यात मला सगळ्यात आवडते ती जिम्पितान. तिकडे वीसतीस-पन्नास घरांचा एक गट असतो, त्याला एर्ते म्हणतात, त्याचा एक प्रमुख असतो आणि पुरुष पाळीपाळीने रात्री गस्त घालतात. प्रत्येक घराबाहेर एक छोटा डबा किंवा वाटी टांगलेली, त्यात मूठभर तांदूळ टाकून ठेवायचे, आता बऱ्याच ठिकाणी सुटी नाणी टाकतात, आणि गस्तवाले फिरता फिरता ते गोळा करून गटाच्या फंडात जमा करतात. कुणी आजारी पडलं, रस्त्यावरचा दिवा गेला, की खर्च त्यातनं. म्हणजे चोरावर नजर आणि वर्गणी एकाच फेरीत झाली, शिवाय डबा कुणाचा रिकामा होता ते सकाळपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं! बायकांची महिन्याची बैठक वेगळी, तिथे चिठ्ठ्या टाकून आरिसान काढतात, म्हणजे आपली भिशी, आणि भिशी लागो न लागो बैठकीला यावंच लागतं.

अजून एक, हे सगळं पुराणकाळापासून चालत आलंय असंही नाही. त्या घरगटांची आजची रचना जपानी लष्कराने १९४२ ते ४५ च्या ताब्यात लावून दिली, लोकांवर लक्ष ठेवायला आणि धान्य वाटायला. पुढे सुहार्तोंच्या राजवटीत गोतोंग रोयोंग म्हणजे मिळून काम करणं याचं सरकारी घोषवाक्य झालं, फुकटात रस्ता करून घ्यायला सरकारला ते फार सोयीचं पडलं. तुमच्या टॉवरात एकोपा गेला तो माणसं बिघडली म्हणून नाही असं मला वाटतं, पाणी पाइपाने वर येतं आणि वॉचमन पगारी आहे, शेजाऱ्याकडे मागण्यासारखं काही उरलेलं नाही म्हणून गेला.

वाशी मार्केटमधून कांदा-बटाटा लाइनमधले एक वाचक: आमचं मूळ गाव मंचरकडे, घरी बटाटा होता. तिकडे शेतकऱ्याला जमीन किती, माल कुठे जातो, मधला माणूस असतो का? आणि फोटोत सऱ्या डोंगराच्या उताराने वरून खाली काढलेल्या दिसतात, ते छापताना फोटो आडवा झालाय का?

फोटो सरळच आहे दादा. बरोबर पकडलंत तुम्ही, बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

जावा म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान बेट आणि माणसं पंधरा कोटींच्या वर, त्यामुळे बहुतेक शेतकऱ्यांची जमीन अर्ध्या हेक्टरच्या आत, आपल्या हिशेबात पन्नास गुंठे. पूर्वी डोंगरावर मका, तंबाखू, कोबी असायचा आणि लोक मक्याचा भात खायचे. १९८० च्या आसपास बटाट्याने जोर धरला. ग्रानोला नावाची जात, थंड हवा, ज्वालामुखीची भुसभुशीत काळी माती आणि तीन-चार महिन्यांत हातात पैसा. मातीची घरं पाडून टाइल्सची झाली, दारात मोटारसायकली आल्या, हजला जाणाऱ्यांची संख्या वाढली. ज्याला डोंगरावरचं गरीब साधं खेडं बघायचंय त्याची दिएंगला निराशा होते, आणि ती झालेली बरीच म्हणायची.

आता सऱ्या. उताराला आडव्या काढल्या तर माती अडते हे तिथल्या शाळकरी पोराला पण माहितीये. पण तिथे पाऊस दणकून पडतो, धुकं असतं, आडव्या सरीत पाणी तुंबलं की मुळं कुजतात आणि करपा येतो, म्हणून पाणी पटकन उतरून जावं यासाठी सरी उभीच काढतात. पाण्याबरोबर मातीही जाते. मग पिक कमी यायला लागलं की खाली पोल्ट्रीवाल्यांकडून कोंबडीखताची पोती ट्रकने वर येतात, औषधाच्या फवारण्या वाढतात, आणि बटाट्यावर परत बटाटा लावतात कारण दुसऱ्या कशातच एवढे पैसे नाहीत, त्याने रोग आणखी वाढतो. डोंगरमाथ्यापर्यंत झाड ठेवलेलं नाही. ती माती सेरायू नदीच्या खोऱ्यातून खाली जाते आणि १९८० च्या दशकात बांधलेल्या म्रिचा धरणात गाळ होऊन बसते, ते धरण त्यामुळे ठरल्यापेक्षा कितीतरी लवकर भरत चाललंय. सरकार, एनजीओ सगळे सांगून दमले, कॉफी लावा, झाडं लावा. कॉफीला पहिलं फळ यायला तीनएक वर्षं आणि बियाण्याचं कर्ज ह्या सीझनला फेडायचंय, मग काय करणार सांगा. मला त्या शेतकऱ्याला मूर्ख म्हणणारे लेख वाचले की राग येतो.

मधला माणूस? असतोच. तो पिकअप घेऊन बांधावर येतो, बऱ्याचदा उभ्या पिकाचाच अंदाजाने सौदा करतो. बियाणं, खत याला उचल त्यानेच दिलेली असते त्यामुळे माल दुसऱ्याला घालता येत नाही, भावाची घासाघीस म्हणजे नावापुरती. माल थेट जाकार्तापर्यंत जातो, तिथल्या क्रामात जाती होलसेल मार्केटात रात्री गाड्या लागतात. तुम्हाला तिथे उभं केलं तर भाषा सोडून काही वेगळं वाटणार नाही.

ठाण्याहून एक वाचक: व्हॉट्सअपवर आलंय की दिएंगची देवळं पांडवांनी वनवासात बांधली आणि तिथले लोक वरून मुसलमान पण आतून अजून हिंदूच आहेत. खरं का?

पहिलं, नाही. देवळं शैव आहेत, साधारण सातव्या-आठव्या शतकापासूनची, जावातल्या सगळ्यात जुन्या शिल्लक दगडी देवळांत धरतात, आणि तिथे शके ७३१ चा म्हणजे इसवी सन ८०९ चा लेख सापडलाय. चंडी अर्जुन, चंडी भीम, चंडी घटोत्कच (चंडी म्हणजे तिकडे देऊळ) ही नावं लोकांनी खूप नंतर दिली, बाहुल्यांच्या खेळातून. त्यातलं एक देऊळ सेमारच्या नावाचं आहे, आणि सेमार हा महाभारतात शोधून सापडणार नाही, तो जावाचा स्वतःचा, ढेरपोट्या विदूषक नोकर, पण देवांनाही सुनावणारा.

दुसरं, तेही नाही. ते मुसलमान आहेत, नमाजी आहेत, आणि रात्रभर बसून अर्जुन-भीमाची गोष्ट चामड्याच्या बाहुल्यांच्या सावलीत बघतात, यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. आतून अमुक आणि वरून तमुक ही आपली फोड झाली. डोंगरातले हिंदू शेतकरीच बघायचे असतील तर पूर्व जावात ब्रोमो ज्वालामुखीजवळचे तेंगेर लोक आहेत, तेही बटाटा-कोबीवालेच, आणि वर्षातून एकदा कासादाच्या सणाला भाजी, कोंबड्या, पैसे ज्वालामुखीच्या तोंडात टाकतात.

पण फॉरवर्ड करायचंच असेल तर एक खरी गोष्ट देतो. जावातल्या माताराम राज्याच्या सुलतान आगुंगने १६३३ साली हिजरीच्या धर्तीवर चांद्र वर्ष चालू केलं, पण वर्षांचा आकडा बदलला नाही. तेव्हा शके १५५५ चालू होतं, तोच पुढे नेला. इकडे शिवाजी महाराज तेव्हा तीन वर्षांचे. चांद्र वर्ष अकराएक दिवसांनी लहान, म्हणून त्यांचा आकडा आपल्या पुढे पळतो: जून २०२५ मध्ये तिकडे १९५९ लागलं तेव्हा आपलं शके १९४७ होतं. खेड्यात ही दिनदर्शिका आजही चालते. सात वारांच्या जोडीला पाच दिवसांचा वेगळा आठवडा, लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, बाजार त्यावर भरतो, आणि दोन्ही वार जुळवून दर ३५ दिवसांनी माणसाचा जन्मवार येतो. लग्न जमवताना मुलामुलीचे हे वार मांडून बघतात, नाही जुळले तर आईबाप नको म्हणतात. आता कळलं ना किती जवळची माणसं आहेत ती.

कल्याणच्या एक शिक्षिका: लेखात जटा असलेल्या लहान मुलांचा फोटो होता. आपल्याकडे जट आली की बाईला देवाला सोडायचे, अंनिसचे लोक समजावून जट कापतात. तिकडे पण असाच त्रास आहे का?

नाही ताई, फरक आहे आणि तो मोठा आहे. दिएंगमध्ये काही मुलांना, मुलगा असो मुलगी असो, लहानपणी जोराचा ताप येतो आणि मग केसांचा गुंता होतो असं घरचे सांगतात. क्याई कोलोदेते नावाच्या मूळपुरुषाशी त्याचा संबंध लावतात. आयुष्यभर वागवायची नसते ती जट, काढायचीच असते, फक्त मुलाने स्वतःहून काढा म्हणायचं आणि त्या बदल्यात जे मागेल ते आईबापांनी द्यायचं. बकरी, सायकल, कुणी नुसती अंडी मागतं. दिलं नाही तर परत उगवते अशी समजूत. मग पूजाअर्चा, जेवण, केस पाण्यात सोडायचे, आणि मूल दुसऱ्या दिवशी इतरांसारखं शाळेत. मला खटकतं ते वेगळंच, २०१० पासून याचा मोठा फेस्टिव्हल होतो, स्टेज, तिकिटं, शेकडो कॅमेरे, आणि मध्ये बसलेलं ते रडवेलं पोर. गावाला पैसा मिळतो हे खरंय, तरी.

परळहून एक निवृत्त तलाठी: गावचा कारभार कसा चालतो? सरपंचाला मानधन?

सरपंचाची निवडणूक होते आणि ती जोरात होते. २०२४ च्या कायद्याने मुदत सहावरून आठ वर्षं केली. मानधन आहेच, पण जावात अजून बऱ्याच गावांत पदाबरोबर गावाची जमीन कसायला मिळते, तिला बेंगकोक म्हणतात, पद गेलं की जमीन गेली. आपली पाटलांची वतनं कायद्याने गेली, तिकडे ते रूप बदलून चालू आहे. २०१५ पासून केंद्राचा निधी गावाच्या खात्यात येतो, त्यामुळे खुर्चीला भाव आणखी वाढला, त्यातून काय काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार.

बोरिवलीहून: शाकाहारी माणूस उपाशी मरेल का?

नाही. तेम्पे सगळीकडे, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली वडी. पठाराखालच्या वोनोसोबो शहरात तिला पीठ लावून तळतात, गरम खाल्ली तर भज्यांची आठवण येणार नाही. कारिका म्हणून डोंगरी पपईची जात आहे, ती पाकातली मिळते. फक्त चटणी, साम्बाल, विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यात तेरासी म्हणजे कोळंबीचा गोळा कुटलेला असतो. ‘मांस नको’ म्हटलं की ते मटण-चिकन काढतात, कोळंबी त्यांच्या हिशेबात मसाला आहे.

डोंबिवलीहून एक जोडपं: जुलैत जायचा विचार आहे, पाऊस असेल ना? आणि तिथे विषारी वायू आहे म्हणतात ते कितपत?

जुलैत तिकडे कोरडं असतं, विषुववृत्ताच्या खाली आहे ते. पण जुलै-ऑगस्टच्या निरभ्र रात्री पारा शून्याखाली जातो, सकाळी गवत पांढरं झालेलं असतं. टुरिस्ट त्यात लोळून फोटो काढतात आणि त्याच सकाळी शेतकऱ्याचं बटाट्याचं रान काळं पडलेलं असतं, तेव्हा निदान त्याच्या वावरात उभं राहून सेल्फी घेऊ नका. स्वेटर नाही, जाड जॅकेट, कानटोपी, मोजे न्या, होमस्टेमध्ये हीटर नसतो, लोक चुलीभोवती बसतात, तुम्हालाही बोलावतील, जा.

वायूचं खरं आहे. फेब्रुवारी १९७९ मध्ये सिनिला विवराच्या परिसरातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत वाहत गेला आणि पहाटे घर सोडून पळणारी सुमारे दीडशे माणसं वाटेतच गेली. आता मोजमाप यंत्रं आहेत, विवरांवर धोक्याच्या पातळ्या जाहीर होतात. पाटी लावून दोरी बांधलेली असेल तर ओलांडू नका, आणि खोलगट जागेत, जिथे वारा लागत नाही, तिथे बसून डबा उघडू नका. योग्याकार्ताहून वोनोसोबो तीन-चार तास, तिथून वर साधारण २६ किलोमीटर, मिनीबस मिळते पण ती भरेपर्यंत सुटत नाही, आणि बटाट्याची पोती तुमच्या बॅगेच्या आधी चढतात.