आयडिव्हला दोष देऊ नकोस

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,

तुझ्या कंपायलरने बनवलेला कोड भागाकारात क्रॅश होत होता, त्यावरचा तुझा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, वाचला. क्रॅश थांबला हे खरं, पण बग आहे तिथेच आहे. एवढ्यात मुख्य कोडमध्ये मर्ज करू नकोस.

इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या ६४ बिट लिनक्सवर फंक्शनचं तिसरं आर्ग्युमेंट आरडीएक्स या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणीच्या जागेत, येतं. तुझ्या टेस्टमध्ये पहिल्याला तिसऱ्याने भागायचं आहे. आयडिव्ह या भागाकाराच्या इन्स्ट्रक्शनला आरडीएक्स मोकळा लागतो, म्हणून कोणती किंमत कुठे ठेवायची ते ठरवणाऱ्या रजिस्टर अ‍ॅलोकेटरने भाजक आधीच आरसीएक्स या दुसऱ्या रजिस्टरमध्ये हलवला. त्याचं काही चुकलं नाही. मग तुझा कॉपी प्रॉपगेशनचा पास, म्हणजे नकोशा कॉपी टाळणारा कंपायलरचा टप्पा, आला. दोन्हीकडे एकच किंमत दिसते, मग कॉपी कशाला, म्हणून त्याने पुढे सगळीकडे आरसीएक्सच्या जागी आरडीएक्स लिहिलं. मधल्या सीक्यूओ या इन्स्ट्रक्शनने आरडीएक्समध्ये भाज्याचं चिन्ह भरलं, हे त्याच्या गावीही नाही. भाज्य धन, म्हणून तिथे शून्य. प्रोग्रॅम त्या शून्याने भागायला गेला आणि मेला. (मेसेजमध्ये 'फ्लोटिंग पॉइंट' दिसलं तरी पूर्णांकांच्या भागाकारालाही तोच सिग्नल येतो.) भाज्य ऋण असतं तर उणे एकने भागून निमूट चुकीचं उत्तर आलं असतं.

स्वारगेटला लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, निदान कळतं तरी. सीक्यूओच्या ओळीत आरडीएक्सचं नावसुद्धा नसतं, तो थेट येऊन बसतो. तुझा पास फक्त लिहिलेले ऑपरंड, म्हणजे ओळीत नाव असलेली रजिस्टरं, बघतो. खरा बग एवढाच.

तू घातलेली अट म्हणते, आयडिव्हचा ऑपरंड बदलू नये. बरं, आता भागाकार करून त्यात भाजक मिळवून बघ. ७ आणि २ दिले तर ३ अधिक २, म्हणजे ५ यायला हवेत. तुझ्या पॅचने ४ येतील, कारण आयडिव्हनंतर आरडीएक्समध्ये बाकी असते, १. याच्यापेक्षा तो क्रॅश परवडला!

म्हणून आयडिव्हचं नाव काढून टाक. प्रत्येक इन्स्ट्रक्शनच्या वर्णनालाच विचार की तू उघड आणि छुपेपणाने काय काय पुसतोस. कॉपीच्या दोन टोकांपैकी एक जरी पुसलं गेलं, तरी ती कॉपी विसरायची. ईडीएक्स, डीएक्स, डीएल हे आरडीएक्सचेच तुकडे, तेही धर. फंक्शन कॉलनंतर आरसीएक्स, आरडीएक्स दोन्ही गेलेच समज. प्रोसेसरची माहिती देणारी सीपीयूआयडी ही इन्स्ट्रक्शन तर एका दमात चार रजिस्टरं पुसते, तेव्हा हाताने यादी करत बसू नकोस. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पातला मशीन कॉपी प्रॉपगेशनचा पास वाच. त्यात रजिस्टर युनिटांचा, म्हणजे रजिस्टरांच्या तुकड्यांचा, हिशोब ठेवला आहे.

आणि टेस्ट सी भाषेतून लिहू नकोस. उद्या अ‍ॅलोकेटरने दुसरं रजिस्टर निवडलं की ती टेस्ट काहीही न तपासता पास होत राहील. पासच्या तोंडाशी येतात त्याच इन्स्ट्रक्शन हाताने लिही: धन भाज्य, ऋण भाज्य, बाकी उरणारा भागाकार आणि मध्ये एक कॉल. जुन्या कोडवर चारही फेल होताना दिसल्या की मगच दुरुस्तीला हात घाल.

बुधवारी कोथरूडला येणार असशील तर लॅपटॉप आण, कॉलची केस एकत्र बघू.

तुझा,
दादा