प्रभावतीगुप्तेने लेकीला गाव दिलं होतं का?

प्रश्न असा आहे की विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजघराण्याची राणी प्रभावतीगुप्ता हिने आपल्या मुलीला गाव इनाम दिल्याचा ताम्रपट आहे असं ऐकलं, ते खरं का? आधी सरळ उत्तर देतो. तिचे दोन ताम्रपट विशेष प्रसिद्ध आहेत, एक पुण्याचा आणि एक ऋद्धपूरचा. दोन्हींत दान ब्राह्मणांना आहे, मुलीला नाही. पण ज्याने कुणी तुम्हाला हे सांगितलं त्याच्या डोक्यात बहुधा रामटेकचा शिलालेख असणार. तिथे आई आणि लेक दोघी आहेत, फक्त दानाची दिशा उलटी आहे.

पुण्याचा ताम्रपट मिळाला पुण्यात, तांबटाच्या घरी. त्यातला मजकूर मात्र पूर्ण विदर्भाचा. तो निघाला नंदिवर्धनहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून, राजवर्ष 13, म्हणजे कारकिर्दीच्या तेराव्या वर्षी. पती रुद्रसेन गेलेला, मुलगा दिवाकरसेन अजून युवराजच, आणि कारभार आईच्या हातात. मुद्रेवर काय कोरलंय ते मोठ्याने वाचून बघा: ‘जनन्या युवराजस्य शासनं रिपुशासनम्’. युवराजाच्या आईचं हे शासन आहे, आणि ते शत्रूंनाही वठणीवर आणणारं आहे. कार्तिक शुद्ध द्वादशीला डंगुण नावाचं गाव आचार्य चनालस्वामींना दिलं. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी हे डंगुण म्हणजे आजचं हिंगणघाट असं मानलं.

मला या पटात सगळ्यात मोलाची वाटते ती सुरुवात. वाकाटक राजांचे पट वाकाटकांच्या वंशावळीने सुरू होतात. हा सुरू होतो तिच्या माहेरच्या, गुप्त घराण्याच्या वंशावळीने! घटोत्कचापासून समुद्रगुप्त, मग चंद्रगुप्त, मग त्याची मुलगी ‘धारणसगोत्रा’, म्हणजे धारण गोत्राची, प्रभावती. नवऱ्याचं गोत्र विष्णुवृद्ध, तरी तिने आपलं माहेरचंच सांगितलं. आईचंही नाव आहे, कुबेरनागा, नागकुळातली. आणि पणजोबांच्या घरची सोयरीकही विसरलेली नाही: समुद्रगुप्ताला ‘लिच्छविदौहित्र’ म्हटलंय, लिच्छवी या जुन्या कुळाच्या लेकीचा मुलगा. अक्षरांची ढबसुद्धा वाकाटकांच्या नेहमीच्या चौकोनी पेटीसारख्या डोक्याच्या अक्षरांची नाही, उत्तरेकडची आहे. लेक सासरी राज्य चालवतेय आणि कागदपत्र माहेरच्या वळणाचं, हे मला तरी दरवेळी नव्याने भिडतं.

आता मुलीला गाव देण्याबद्दल. ताम्रपट म्हणजे साधं खरेदीखत किंवा बक्षीसपत्र नव्हे. तो पुण्यासाठी दिलेल्या दानाचा आणि त्यासोबतच्या करमाफीचा दस्त. वाकाटकांच्या पटांत माफीची लांब यादी येते, तीच वाचावी. गावात शिपाई-अधिकाऱ्यांनी शिरायचं नाही, बैल-गायी वारंवार मागायच्या नाहीत, फुलं आणि दूध घ्यायचं नाही, फिरतीवरच्या अधिकाऱ्याला बसायला कातडं आणि पेटवायला कोळसा द्यायचा नाही, वेठबिगार नाही, गावात सापडलेला पुरलेला ठेवा, गुप्तधन, तेही दान घेणाऱ्याचं. म्हणजे सरकार गावात नेमकं काय काय मागत होतं ते या नकारांवरूनच कळतं. लेकीला द्यायच्या दागिन्या-वस्त्रांना असला दस्त लागत नव्हता. ‘मातुस्तु यौतकं यत्स्यात् कुमारीभाग एव सः’ असं मनुस्मृतीत (9.131) आहे, आईला लग्नात मिळालेलं धन कुंवार मुलीच्या वाट्याचं. ते तांब्यावर कोरून ठेवायची गरजच नव्हती.

आणि रामटेक. गडावर दोन नरसिंह आहेत, रुद्र नरसिंह आणि केवल नरसिंह. केवल नरसिंहाच्या देवळात गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात भिंतीवरचा गिलावा निघाला आणि खाली संस्कृत श्लोकांत कोरलेला लेख दिसला. झिजलेला, तुटक. जेवढं वाचता आलं त्यानुसार बोलतेय ती प्रभावतीची मुलगी. तिचं लग्न मामाशी, गुप्तांच्या घटोत्कचाशी झालं होतं (वंशावळीतला पूर्वज घटोत्कच वेगळा, हा त्याच नावाचा नंतरचा). तो गेल्यावर भावाने तिला माहेरी आणलं. तिने आईच्या पुण्यासाठी देऊळ बांधलं आणि देवाला नाव दिलं ‘प्रभावतीस्वामी’. लेखात कदली गावाचा आणि सुदर्शन तळ्याचाही उल्लेख आहे. हे वाचन ए. पी. जामखेडकर आणि हान्स बाकर यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मेहनतीचं फळ आहे. काही ओळींवर मतभेद आहेत, मुलीच्या नावावरही, म्हणून मी इथे ते मुद्दाम देत नाही.

रामटेकला जाणार असाल तर माझं ऐका. राममंदिराच्या गर्दीत सगळेच जातात, तुम्ही खाली उतरताना केवल नरसिंहापाशी थांबा. मूर्ती तांबूस दगडाची, एकसंध, बसलेली, हातात चक्र. शिलालेख सरळ उजेडात नुसता खरबरीत दगड दिसतो. मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरा, मग एकेक अक्षर सावलीने उठून येतं. हात लावू नका, खडू-पावडर तर मुळीच नको, आधीच बरंच झिजलंय. ऋद्धपूर अमरावती जिल्ह्यात मोर्शीकडे, महानुभावांचं क्षेत्र आहे. तिथल्या पटात हीच राणी ‘रामगिरिस्वामिनः पादमूलात्’ म्हणजे रामटेकच्या देवाच्या पायाशी बसून दान देतेय, तिचा मुलगा प्रवरसेन राजा असताना, त्याच्या कारकिर्दीच्या 19व्या वर्षी. तेव्हा ती नातवंडांची आजी झाली होती, आणि पटात तसं लिहिलेलंही आहे.