सहलीला पैसे देतं का कुणी?

या वेळी प्रश्न मागवले होते ते एकाच गोष्टीवर. पैसा, सुट्टी किंवा सोबत नाही म्हणून ज्यांना माळरान, तलाव, किल्ला बघायला मिळत नाही त्यांना तिथं न्यायला मदत कुठून मिळते? पत्रं भरपूर आली, त्यातली ही काही. नावं काढलीत, मजकूर थोडा कापलाय.

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत शिकवते. मुलांच्या आया विडी वळतात, वडील बहुतेक यंत्रमागावर. नान्नजचं माळढोक अभयारण्य एवढं जवळ, पण वर्गातल्या एकाही पोरानं बघितलेलं नाही. एखादी कंपनी खर्च देईल का?

देईल मॅडम, पण एका दिवसाच्या सहलीला नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ आहे ना, त्यात ज्या कंपनीची नेटवर्थ (देणी वजा जाता मालमत्ता) ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर आहे तिनं मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते, तोच सीएसआर. कशावर खर्च करायचा त्याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिलीय, त्यात शिक्षण आहे, पर्यावरण आहे, सहल मात्र नाही. आणि २०१४ साली सरकारनं परिपत्रक काढून सांगितलं की एकदाच होऊन जाणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरणार नाही. म्हणून तुम्ही वर्षभराचा निसर्ग-शिक्षणाचा उपक्रम मांडा. पावसाळ्यात गवत उगवल्यावर एकदा माळावर, तीच मुलं थंडीत परत तिथंच, मधल्या काळात हिप्परग्याच्या तलावावर पक्षी बघायला, आणि शाळेत नोंदवह्या, चित्रं, वनखात्याच्या माणसाचं एक भाषण. एकच जागा दोन ऋतूंत बघितली की पोरांना फरक आपोआप कळतो, आणि कंपनीलाही ह्यात शिक्षण दिसतं.

आता पैशाचं बघू. नान्नज बार्शी रोडला वीसेक किलोमीटर, म्हणजे भाडं फार नाही. शाळेच्या लेटरहेडवर मुलांची यादी दिली तर एसटी शैक्षणिक सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देते, त्यामुळं प्रायव्हेट बसचं कोटेशन लावून बजेट फुगवू नका, तपासणारा माणूस सोलापूरचाच असतो त्याला सगळं माहीत असतं. खर्च लागतो तो भलतीकडंच. दुर्बिणी लागतात, निदान चार-पाच मुलांत एक. पाणी लागतं, माळावर सावली नाही. पायात धड चप्पल नसलेली मुलं असतात आणि माळावर कुसळं-काटे, तेव्हा बूट सुद्धा बजेटमध्ये लिहा, बिनधास्त लिहा, मला तर असं बजेट वाचलं की वाटतं ह्या बाईंना आपली पोरं माहितीयत. डबा घरून चालेल, कडक भाकरी आणि शेंगा चटणी असली की दिवस निघतो.

वनखात्याची परवानगी आधी घ्या, शिक्षण खात्याची आणि पालकांची लेखी संमतीही. आणि पोरांना आधीच सांगून ठेवा की माळढोक दिसणार नाही असंच धरून चला, हे अभयारण्य १९७९ चं, त्याच्याच नावाचं, पण तो पक्षी आता इतका दुर्मिळ झालाय की त्याच्या भरवशावर सहल काढली तर पोरं हिरमुसून येतील. काळवीट दिसतील, नशीब असलं तर लांडगाही. अर्जात पण "माळढोक दर्शन" असलं काही लिहू नका.

कंपनीकडं जमलं नाही तर रोटरी, लायन्सच्या गावातल्या क्लबांना विचारा. रोटरीनं २०२१ पासून पर्यावरण हा आपल्या कामाचा विषय केलाय. रक्कम लहान असते, पण तुमचं काम पण लहानच आहे, जमून जाईल.

प्रश्न : आम्ही कुंभारीच्या विडी घरकुलातल्या बचत गटाच्या बायका. नळदुर्गचा किल्ला एवढा जवळ पण कुणीच गेलेलं नाही. आमचा ट्रस्ट नाही, तरी मदत मिळेल का? की आधी ट्रस्ट काढायचा?

ताई, एका सहलीपायी ट्रस्ट काढू नका. ट्रस्ट म्हणजे धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी ऑडिट, बदल झाला की रिपोर्ट, ते सगळं कोण करत बसणार. गावातली एखादी नोंदणी झालेली संस्था शोधा जिच्याकडं ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी मान्यता आहे, तिच्या नावावर देणगी घ्या आणि खर्च तुमच्या सहलीवर करा, पण कुणाच्या हातून किती खर्च होणार हे एका कागदावर दोघांच्या सह्यांनी आधीच लिहून घ्या. तोंडी ठेवलं की नंतर भांडणं.

आणि तिकिटाला देणगी मागूच नका. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्या आजींना फुकट, नळदुर्ग महाराष्ट्रातच आहे त्यामुळं सवलत तिथपर्यंत चालते. तिकीट परवडत नाही म्हणून तुम्ही गेला नाहीत असं मला वाटतच नाही. एक दिवस विड्या वळल्या नाहीत की त्या दिवसाची मजुरी बुडते, हजारावर हिशोब असतो तुमचा, बसून पगार कोण देतंय? मग लहान पोरं कुणाकडं ठेवायची, सासूबाईंचं जेवण कोण करणार, नळाला पाणी नेमकं त्याच दिवशी आलं तर. हे सगळं मिळून बाई घरात राहते. तेव्हा अर्जात सरळ लिहा की बुडणाऱ्या मजुरीची भरपाई पाहिजे, प्रत्येकीला एवढी, आणि पोरं सांभाळायला दोघींना मानधन एवढं. देणारे आधी बिचकतात. "मजुरी का द्यायची, फिरायला तर चाललेत" असं म्हणणारे भेटतील. त्यांना विचारा की साहेब तुम्ही सहलीला जाता तेव्हा तुमची रजा पगारी असते की बिनपगारी?

कारखान्याला सुट्टी असेल तो वार धरलात तर हा खर्च कमी होईल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा, बोरी नदीला पाणी असलं की किल्ल्याच्या बंधाऱ्यातल्या पाणीमहालावरनं नर आणि मादी असे दोन्ही धबधबे पडतात, उन्हाळ्यात गेलात तर नुसता तापलेला दगड. बंधाऱ्यावर शेवाळ असतं, फोटोसाठी कडेला जाऊ देऊ नका. आणि जायच्या आधी एकीनं जाऊन बायकांचं स्वच्छतागृह कुठं आहे, चालू आहे का, किल्ली कुणाकडं असते ते बघून या. हे बघितलं नाही तर निम्म्या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत.

प्रश्न : माझ्या भावानं अमेरिकेतून एका फाउंडेशनची लिंक पाठवलीय, गरीब मुलांना निसर्गात नेणाऱ्यांना डॉलरमध्ये ग्रँट देतात. आमच्या मंडळानं अर्ज करू का?

नको. परदेशातनं देणगी घ्यायला २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी लागते, पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, आणि नोंदणीसाठी संस्था किमान ३ वर्षं जुनी पाहिजे. त्यातून तिकडच्या बऱ्याचशा ग्रँट त्यांच्याच देशातल्या संस्थांसाठी असतात. भावाला सांगा, लिंकपेक्षा तिकडची कल्पना पाठव. अमेरिकेत चौथीतल्या मुलांना सरकारी राष्ट्रीय उद्यानांचा वर्षभराचा पास फुकट असतो आणि त्यात कुटुंबालाही नेता येतं. आपल्याकडं पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वास्तूंना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही, आपला भुईकोट किल्ला त्यातलाच, पण हे किती पालकांना माहितीय?

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा, व्हीलचेअरवर असतो. शाळेची सहल निघाली की त्याला घरी राहायला सांगतात. अशा मुलांच्या सहलीसाठी काही निधी असतो का?

असतो, आणि नुसता निधी नाही, हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये सरकारनं दिव्यांगांना कॅम्प आणि साहसी उपक्रमांत भाग घेता येईल असं बघावं हे स्पष्ट लिहिलंय. शाळेला पत्र देताना ह्या कलमाचा उल्लेख करा, भांडायचं म्हणून नाही, मुख्याध्यापकांना वर दाखवायला कागद लागतो म्हणून.

पैशाचं म्हणाल तर महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. एकट्यानं अर्ज केलात तर फाईल पडून राहायची शक्यता जास्त, आठ-दहा पालक मिळून दिव्यांग संघटनेमार्फत जा आणि बजेट ठरायच्या आधी म्हणजे हिवाळ्यातच जा. सीएसआरच्या यादीतही दिव्यांगांचं शिक्षण आहे. एसटीत ७५ टक्के सवलत आहे पण खरं सांगू का, एसटीच्या पायऱ्या चढून खुर्ची आत घेणं म्हणजे तिघांचं काम, त्यामुळं देणगी मागायची तर खाली उतरणारा रॅम्प असलेल्या गाडीच्या भाड्याला मागा. तशी गाडी गावात नसली तर घडीचा लोखंडी रॅम्प वेल्डिंगवाल्याकडनं करून घेता येतो, आणि तो पुढच्या सहलीलाही उपयोगी पडतो, देणाऱ्याला हे पटतं. सोबत एक मदतनीस, त्याचा दिवसाचा पगार लिहा.

जागा निवडताना कुणी "हो हो, सगळं सपाट आहे" म्हटलं तर विश्वास ठेवू नका. स्वतः टेप घेऊन जा. दार ९० सेंटीमीटर मोकळं पाहिजे, फाटकावरचे ते आडवे बार गाय येऊ नये म्हणून लावतात आणि अडतं तुमचं पोरगं. बाग असो नाहीतर तलाव, आधी फाटक आणि संडास बघा, नजारा नंतर.

प्रश्न : आमचा जुळे सोलापुरातला ट्रेकिंग ग्रुप. दरवर्षी झोपडपट्टीतल्या मुलांना सह्याद्रीत फुकट नेतो. एका कंपनीनं सीएसआर नाकारला. का?

तुमचं पत्र वाचून वाटतं की ग्रुपची नोंदणीच नाही. सीएसआरचे पैसे बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च होणार असतील तर तिची कंपनी मंत्रालयाकडं सीएसआर-१ नोंदणी लागते, एप्रिल २०२१ पासून, त्यासाठी १२ए (आयकर खात्याकडची संस्थेची नोंदणी) आणि ८०जी लागतं आणि तशा कामाचा ३ वर्षांचा अनुभव कागदावर. शिवाय राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण बघा, त्यात पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आहेत. लहान मुलांना कड्यावर नेताय, विमा आणि प्रथमोपचार शिकलेला माणूस नसेल तर मी पण पैसे दिले नसते.

प्रश्न : मी निवृत्त आहे. पत्नीच्या स्मरणार्थ ५० हजार द्यायचेत, तिला झाडं-पक्षी फार आवडायचे. बाक द्यावा म्हणतोय, बागेत, नाव घालून.

काका, बाक द्या, वाईट काही नाही, पण त्या बाकापर्यंत जे पोचूच शकत नाहीत त्यांच्याबद्दलच वरची सगळी पत्रं आहेत. एखाद्या संस्थेला ही रक्कम पाच वर्षांत वाटून द्या, दरवर्षी १० हजार, एकाच वस्तीतल्या मुलांसाठी, आणि पहिल्या वर्षी स्वतः सोबत जा. मोठी एक सहल करण्यापेक्षा जवळच्या लहान सहली पुन्हा पुन्हा होऊ द्या. चेकनंच द्या, २००० च्या वर रोख दिलं तर ८०जी ची सूट मिळत नाही, आणि नवी कर पद्धत घेतली असेल तर तशीही मिळत नाही, तेव्हा आधी तुमच्या सीएला विचारा. संस्थेकडं ८०जी चं चालू प्रमाणपत्र मागा आणि मार्चनंतर १०बीई चा फॉर्म, म्हणजे देणगीचा दाखला, मागून घ्या, संस्था स्वतःहून देतेच असं नाही. नाव घालायचंच असेल तर दुर्बिणींच्या पेटीवर घाला.